दुसऱ्या ‘अग्निकोट’मधला दोष

रायपूरच्या मराठी मंडळींत पुस्तकं लिहिणारे पुष्कळ होते, वाचणारे थोडे होते, आणि न वाचता त्यांवर पाऊण तास बोलू शकणारा माणूस एकच होता. तो म्हणजे नरहरी वऱ्हाडपांडे. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त, पुरानी बस्तीत स्वतःचं घर, अंगात कडक इस्त्रीचा झब्बा आणि बुढापारा भागातल्या मराठी मंडळाच्या व्यासपीठावर हक्काची खुर्ची. कोणा मराठी माणसाने कवितासंग्रह काढला, पाककृतींचं पुस्तक केलं, अगदी पीएचडी मिळवली, तरी मंडळ त्याला शाल-नारळ देई आणि लगोलग त्याच्या कामावर ‘गुणदोषचर्चा’ ठेवी. नुसती स्तुती करायची नाही, एक तरी दोष दाखवायचाच, असा जुन्या मंडळींनी घालून दिलेला दंडक होता. दोष नसेल तर ती चर्चा कसली, तो तर वाढदिवस झाला, असं ते म्हणत.

नरहरीपंत हा दंडक मोठ्या निष्ठेने पाळत. पुस्तक हाती आलं की ते प्रस्तावना वाचत, मागचं कव्हर वाचत, मधलंच एखादं पान उघडून त्यातली एक ओळ पाठ करत आणि शेवटचं पान चाळत. गुण म्हणून ‘अनुभवाचा सच्चेपणा’ सांगत आणि दोष म्हणून ‘शेवट जरा घाईत उरकला आहे’. हा दोष इतका सोयीचा होता की तो कथेला लागे, कवितेला लागे आणि एकदा तर लोणच्यांच्या पुस्तकालाही लागला होता. लेखक खुश, श्रोते खुश. दोष ऐकून कोणी काही बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण छापून झालेलं पुस्तक बदलतंय कोण. त्यामुळे नरहरीपंतांच्या समीक्षेने आजवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. त्यांना स्वतःला मात्र ती आपल्या उभ्या आयुष्याची कमाई वाटे.

घोडं अडलं ते गंधालीपाशी. गंधाली ही दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सरलाबाईंची मुलगी. ती नवा रायपूरमध्ये एका कंपनीत नोकरीला होती. नवा रायपूर म्हणजे जिथे रस्ते आधी आले आणि त्यांवरून चालणारी माणसं अजून यायची आहेत. तिथल्या एका चकचकीत इमारतीत बसून ही कंपनी टीव्हीवर खेळायचे खेळ बनवी. ‘अग्निकोट’ हा त्यांचा खेळ देशभर गाजला होता. आपण एक शिपाई व्हायचं, तलवार आणि मंत्र शिकत जायचं, वाटेतले राक्षस मारायचे आणि अग्निकोट नावाच्या किल्ल्यावर पोचायचं, असा तो मामला. आता त्याचा दुसरा भाग आला होता, आणि त्यात मराठी बोली घालण्याचा हट्ट गंधालीने पूर्ण करून घेतला होता. मराठी मुलीने मराठीत काही केलं म्हटल्यावर मंडळाच्या चिटणीस क्षमाताईंना राहवेना. त्यांनी शाल-नारळ जाहीर केला, तारीख ठरवली आणि गुणदोषचर्चेसाठी दोन वक्ते नेमले. एक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा शिशिर, ज्याने दोन्ही भाग खेळून संपवले होते, आणि दुसरे अर्थातच नरहरीपंत.

पंतांनी ‘हो’ म्हणून टाकलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या पुस्तकाला मागचं कव्हर नाही.

गंधाली स्वतः घरी येऊन ते यंत्र टीव्हीला जोडून गेली. हातात धरायचा बटणांचा खटका कसा चालवायचा ते तिने दाखवलं. जाताना म्हणाली, काका, वेळ घ्या, पण पूर्ण खेळा, आणि जे वाटेल ते खरं सांगा. पंतांनी तिला आशीर्वाद दिला आणि ती फाटकाबाहेर पडताच शेवटचं पान शोधायला लागले. ते कुठेच नव्हतं. खेळ सुरू केला की एक गाव दिसे, उंबरझरी नावाचं. गावाला वेस होती, वेशीवर भालदार उभा होता, आणि भालदाराशी दोन हात करून त्याला हरवल्याशिवाय पुढचं जग दिसत नव्हतं. पंतांनी त्याला आधी नमस्कार केला. मग दोन्ही अंगठे एकदम चालवायचे प्रयत्न केले. भालदाराने त्यांना चारीमुंड्या चीत केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. आठवडाभर रोज सकाळी पूजा आटोपून पंत वेशीवर जात आणि मार खाऊन परत येत. मधलं पान उघडायची सोय नाही, शेवट चाळायची सोय नाही, असला आडमुठा लेखक त्यांना जन्मात भेटला नव्हता.

मार खाऊन परत यायचं म्हणजे गावातच यायचं. तिथे दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून पंत लोकांशी बोलायला लागले. खटक्यावरचं एक बटण दाबलं की समोरचा माणूस बोले. एक मास्तर होता, त्याच्या शाळेत पोरं येत नव्हती. एक म्हातारा होता, तो विहिरीचा दोर वळत बसे. आणि कलावती नावाची कुंभारीण होती. पहिल्याच दिवशी ती पंतांकडे बघून म्हणाली, “काहून रे बा, फिरून फिरून दमला का? बस इथं. पाणी पी.” पंत खुर्चीत सरळ झाले. ही बोली त्यांच्या आईची होती, मावश्यांची होती, लहानपणी नागपूरजवळच्या उमरेडला दारात बसणाऱ्या सगळ्या बायकांची होती. मंडळाच्या लेखकांच्या पुस्तकांतली माणसं थेट पुण्यात जन्मल्यासारखी बोलत. पंतांनी वर्षानुवर्षं त्या भाषेला ओघवती म्हटलं होतं, आणि आज टीव्हीतली एक कुंभारीण त्यांना ‘बा’ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी ती वेगळं बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, काल शाळेत काहून नाही गेला, मास्तर तुझी वाट पाहून राहिला होता. पंत मास्तरकडे गेले. मास्तरने त्यांना पोरांच्या घरी निरोप द्यायला धाडलं. पंतांनी निरोप दिले, विहिरीचं पाणी ओढलं, गायीला चारा टाकला, कलावतीची माती तुडवून दिली. या कामांचं पुढे काही बक्षीस नव्हतं, तलवारीची धार वाढत नव्हती. पण एक दिवस शाळेत खरोखरच दोन पोरं येऊन बसली, आणि पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि आनंदही झाला. पुस्तकांच्या ढिगात बसून आयुष्य गेलं, पण पुढच्या पानावर काय आहे हे बघायला सकाळी लवकर उठावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आता ते उठत होते. भालदाराकडे जाणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

त्यांच्या पत्नी वनमालाबाई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत. जेवताना पंत कुंभारणीच्या गोष्टी सांगत, तेव्हा त्या म्हणत, लग्नाला चाळीस वर्षं झाली, माझं बोलणं कधी इतकं ध्यानात राहिलं नाही तुमच्या. पण त्यांना बरं वाटत होतं. नवरा काहीतरी मनापासून करतो आहे हे त्या प्रथमच पाहत होत्या.

कार्यक्रम जवळ आला, आणि पंतांना दोष अजून सापडला नव्हता. त्यांनी मोबाईलवर दुसऱ्यांची मतं ऐकली. तिकडे तरुण मुलं तावातावाने बोलत. दुसऱ्या भागाचा नकाशा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, लढाया झकास, आगीचा सर्प तर डोळ्यांचं पारणं फेडतो, हे गुण. घोडा मधूनच जमिनीत रुततो, त्या अफाट नकाशात मैलोन् मैल चिटपाखरू भेटत नाही, सगळ्या सैनिकांना तीनच तोंडं वाटून दिलेली आहेत, हे दोष. आणि शेवटी प्रत्येक जण म्हणे की सुरुवातीचं गाव कंटाळवाणं आहे, ते झटकन ओलांडा, खरा खेळ पुढे आहे. पंतांनी हे ऐकून मोबाईल पालथा ठेवला. यांतल्या एकाही राक्षसाचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. ते फक्त त्या कंटाळवाण्या गावात राहत होते.

त्यातच वनमालाबाई सरलाबाईंकडून बातमी घेऊन आल्या. उंबरझरी हे गाव सगळंच्या सगळं गंधालीने लिहिलेलं होतं. लढाया, किल्ला, सर्प ही दुसऱ्यांची कामं, गाव तिचं. आणि कंपनीचा मालक निरंजन ते गाव काढून टाकायचं म्हणत होता, लोक कंटाळतात म्हणून. मुलगी धड जेवत नव्हती. मालक रविवारी मंडळात येणार होता आणि सोमवारी काय तो निर्णय होणार होता.

“मग सांगा ना तुम्ही,” वनमालाबाई म्हणाल्या. “गाव चांगलं आहे म्हणा. तुमाले आवडते ना?”

पंत म्हणाले, आवडतं हे खरं, पण फक्त गावाबद्दलच बोललो तर लोक पुढचं विचारतील, आणि पुढचं मले काय माहीत. वनमालाबाई म्हणाल्या, सांगून टाका की पुढे गेलोच नाही. पंतांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी झब्बा काढून व्यासपीठावर बसा असं सुचवलं होतं. तरीही त्या दुपारी त्यांनी मनाशी पक्कं केलं. गावाबद्दलच बोलायचं, भरभरून बोलायचं, आणि दोष म्हणून घोडा रुततो हा सांगून मोकळं व्हायचं. घोडा त्यांनी पाहिला नव्हता, पण रुतत असेल तर त्यात खोटं काय.

रविवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. श्रोत्यांपैकी खेळ कोणीच खेळलेला नव्हता, पण मंडळाच्या चर्चेला तशी अट कधीच नव्हती. पहिल्या रांगेत गंधाली बसली होती, तिच्या शेजारी निरंजन, हातात फोन, चेहऱ्यावर लवकर आटपा असा भाव. शाल झाली, नारळ झाला. शिशिर आधी बोलला. त्याने लढायांची तारीफ केली, रिकाम्या नकाशावर टीका केली आणि नवा रायपूरचा दाखला देऊन हशा मिळवला. शेवटी प्रामाणिकपणे म्हणाला की गावातून आपण घाईघाईने निघालो, तिथे काय आहे ते आपल्याला सांगता येणार नाही, काका सांगतील.

पंत उठले. घसा साफ केला आणि उंबरझरीबद्दल बोलायला लागले. आज त्यांना पाठ केलेली ओळ लागली नाही. कलावती कुठल्या दिवशी काय म्हणाली, दोर वळणारा म्हातारा दोर का वळतो, शाळेत पहिली दोन पोरं कशी आली, हे त्यांनी सांगितलं. मागच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कारण कलावतीसारखं बोलणारी बाई दोघींच्याही घरात होती. निरंजनने फोन खिशात ठेवला. गंधाली पुढे सरकून बसली होती आणि तिचा चेहरा उजळला होता. पंतांना वाटलं, हेच ते, समीक्षा म्हणतात ती ही. अंगावर मूठभर मांस चढलं.

ते घोड्याच्या दोषाकडे वळणार तोच निरंजनने हात वर केला. तो हिंदीत सुरुवात करून मराठीवर आला, अगदी अदबीने. “सर, आपने गाँव बहुत ध्यान से देखा। शेवट कसा वाटला, ते पण सांगा ना. तुम्ही कोणता शेवट निवडला, सिंहासन की अग्नी?”

शिशिर उत्सुकतेने वळला. क्षमाताई वळल्या. सगळं सभागृह पंतांच्या तोंडाकडे बघायला लागलं. शेवट निवडायचा असतो हेच पंतांना माहीत नव्हतं. क्षणभर त्यांना वनमालाबाई दिसल्या, तिसऱ्या रांगेत, आणि त्यांनी हलकेच मान हलवली, सांगून टाका अशी. सांगायचं एवढंच होतं की मी गावाबाहेर पडलो नाही. पण त्या वाक्यामागे लोणच्यांचं पुस्तक उभं होतं, सगळे कवितासंग्रह उभे होते, आणि ज्यांच्या शेवटाला त्यांनी घाईत उरकलेला म्हटलं होतं ते सगळे लेखक याच सभागृहात पंख्याखाली बसलेले होते.

पंत किंचित हसले. वेळ मारून नेण्याचं कसब त्यांच्या हाडीमासी खिळलेलं होतं, ते आपसूक कामाला लागलं.

“शेवटाबद्दल मी बोलणार नाही,” ते म्हणाले, “कारण या कलाकृतीचा खरा दोष शेवटात नाही, सुरुवातीत आहे. गाव सुंदर आहे, मान्य. पण ते माणसाला धरून ठेवतं. वेशीबाहेर एवढं मोठं विश्व उभं केलंय, आणि खेळणारा तिथवर पोचतच नाही. गाव काढलं, तर खेळाचं काही बिघडणार नाही. उलट मोकळा होईल.”

टाळ्या पडल्या. पंत पुष्कळ दिवसांनी काहीतरी नवीन बोलले होते, आणि ते खोल वाटलं. नेहमी शेवटाला नावं ठेवणारा माणूस आज सुरुवातीवर घसरला, यात काहीतरी असणार असं सगळ्यांना वाटलं. शिशिरनेही मान डोलावली. निरंजनने गंधालीकडे वळून हळू आवाजात काहीतरी म्हटलं. पंत खाली बसले तेव्हा सुटलो असं त्यांना वाटलं. त्यांनी मनाची समजूत घातली की आजवर आपण इतके दोष सांगितले, कोणी एक ओळ तरी बदलली का.



दोन-तीन दिवस पंतांनी टीव्ही लावला नाही. कसलीशी लाज आड येत होती. मग एका सकाळी राहवलं नाही. यंत्र सुरू केलं तर पडद्यावर खेळाची नवी आवृत्ती उतरत असल्याची पट्टी भरत गेली, आणि खेळ उघडला तो एका प्रचंड माळावर. गाव नव्हतं. वेस नव्हती, भालदारही नव्हता. पंतांच्या हातात आयती तलवार होती, शेजारी घोडा उभा होता, आणि समोर क्षितिजापर्यंत रुंद, रिकामा रस्ता होता. ते वळून मागे चालत गेले. मागेही माळच होता. बराच वेळ चालले, बटण दाबत राहिले, पण बोलायला कोणी भेटलं नाही.

त्याच दुपारी क्षमाताईंचा फोन आला. मंडळाच्या इतिहासात प्रथमच चर्चेत दाखवलेला दोष लेखकाने मनावर घेऊन दुरुस्त केला होता. कार्यकारिणी हरखून गेली होती. वार्षिक सभेत पंतांचा सत्कार करायचं ठरलं होतं, शाल या वेळी पशमिन्याची. पंतांनी फोन कानाला धरून ठेवला आणि हं हं म्हणत राहिले.

संध्याकाळी गंधाली यंत्र परत न्यायला आली. नेहमीसारखी वाकून नमस्कार केला, वनमालाबाईंची चौकशी केली आणि टीव्हीमागच्या वायरी सोडवायला बसली. पंत तिच्या मागे उभे राहिले. शेवटी म्हणाले की ते गाव परत ठेवता येत नाही का.

“नाही, काका. आता नाही होत.”

“मी बोललो ते तसं नव्हतं,” पंत म्हणाले. आणि मग इतक्या वर्षांत कुठल्याही व्यासपीठावर न निघालेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. “पोरी, मी पुढे गेलोच नव्हतो. वेशीबाहेर एकदाही पडलो नाही मी.”

गंधालीने वर पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

“मले माहीत आहे ना, काका. कोण कुठं खेळून राहिलं ते आम्हाले ऑफिसात दिसते. लोक गावात दहा मिनिटं थांबायचे. तुम्ही रोज सकाळी तिथं असायचे. तुमच्यामुळे तर मी रोज सकाळी ऑफिसात पहिले तेच उघडून पाहायची.” ती पुन्हा वायर गुंडाळायला लागली. “मीच साहेबांना म्हटलं, काढू नका, एक माणूस तिथं राहते. तो काय म्हणते ते एकदा विचारा. म्हणून ते आले होते रविवारी, तुम्ही गावातच राहिले हे तुमच्या तोंडून ऐकायले. त्यांनी विचारलं.”

वनमालाबाईंनी तिला चहा घेणार का म्हणून विचारलं. ती म्हणाली, नको काकू, उशीर होतो, नवा रायपूरची बस मग मिळत नाही. यंत्र पिशवीत घालून तिने पुन्हा नमस्कार केला, आणि पंत तिला फाटकापर्यंत सोडायला गेले.